पडद्यावर काय आहे?

नंजुंडस्वामी पहिल्यांदा त्या बैठकीला गेला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता, आणि जिन्यापाशीच त्याचं रखवालदाराशी वाजलं. खाली खुर्ची टाकून बसलेल्या रखवालदाराला वाटलं, पांढरी काठी घेतलेला हा माणूस वाट चुकून आलाय.

"डोळ्यांचा दवाखाना पुढच्या गल्लीत, स्वामी."

"डोळ्यांचं आता काही करून घ्यायचं नाही मला," नंजुंड म्हणाला. "वर कॉम्प्युटरवाल्यांची सभा आहे ना, तिकडे जायचंय. पायऱ्या किती आहेत तेवढं सांगा."

पायऱ्या किती ते रखवालदाराला माहीत नव्हतं. रोज चढत-उतरत असूनही माहीत नसावं याचं नंजुंडला नवल वाटलं आणि ते त्यानं बोलून दाखवलं. मग काठी टेकत तो स्वतःच मोजत वर गेला. बावीस होत्या. वरून त्यानं खाली ओरडून आकडा सांगितला, पुढच्या वेळी कोणी विचारलं तर असावा म्हणून.

स्वभावच तसा. मनात आलं आणि ओठांवर आलं नाही असं क्वचित व्हायचं. जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्याला कंटाळा यायचा. म्हैसूरच्या अंधशाळेत शिकला, आणि एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून चिकटला. पहिली दहा-बारा वर्षं हाताला उसंत नसे. साडेतीनशे माणसांचे अंतर्गत नंबर त्याला पाठ होते, आवाजावरून साहेबांचा मूड ओळखायचा, आणि कोणाचा फोन कोणाला जोडायचा नाही हेही त्याला न सांगता कळायचं. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. बोर्डावर दिवसाला दोन-तीन फोन येऊ लागले, तेही चुकीचे. पगार चालू होता, खुर्ची चालू होती, फक्त काम गेलं होतं. असल्या बसण्याचा काय जाच होतो ते बसणाऱ्यालाच माहीत.

त्याच सुमारास कचेरीनं त्याला एक कॉम्प्युटर दिला. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारी एक बाई त्यात होती, म्हणजे बाईचा आवाज. नंजुंडनं तिचा वेग इतका वाढवला की शेजारच्या टेबलावरच्यांना डबीत भुंगा अडकल्यासारखं वाटे. त्याला मात्र शब्द न् शब्द कळायचा. दुपारच्या रिकाम्या वेळात त्या बाईच्या मदतीनं तो प्रोग्रॅम लिहायला शिकला. गुरू नाही, वर्ग नाही. ज्या भाषेत तो लिहायचा तिच्यात ओळीच्या आधी किती कोऱ्या जागा सोडल्या यावर अर्थ बदलतो. डोळसांना ते नुसतं बघून समजतं. नंजुंड बाईला कोऱ्या जागा मोजायला लावी. "चार. चार. आठ. बारा. चार." दिवसभर डोक्यात हेच. नाव टाइप केलं की नंबर सांगणारा त्याचा पहिला प्रोग्रॅम चालला त्या दिवशी त्याला कोणालातरी सांगायचं होतं. कचेरीत सांगितलं तर अधीक्षक म्हणाले, "छान, छान," आणि जेवायला गेले. घरी बायकोला सांगितलं. विशालाक्षी ब्लाउज शिवायची. तिनं मशीन थांबवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हे ज्याला कळेल असा माणूस शोधा हो. मला आनंद झाला, पण कळलं काहीच नाही."

म्हणून तो त्या बैठकीला गेला. जयलक्ष्मीपुरममध्ये श्रीवत्स नावाच्या तरुणाची सहा माणसांची छोटी कंपनी होती. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी तो टेबलं भिंतीला लावून जागा मोकळी करी आणि गावातली प्रोग्रॅम लिहिणारी चाळीस-पन्नास माणसं तिथे जमत. कोणी दोघं आपापल्या कामाबद्दल बोलायचे, मग इडली-वडा, कॉफी आणि गप्पा. नाव नोंदवायचं तर इंटरनेटवर एका चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहावी लागत. नंजुंडनं तिथला फोन नंबर शोधून फोनच केला. "मी माणूस आहे हे सिद्ध करायला तुमचं मशीन मला चित्र दाखवतंय," तो म्हणाला, "आणि मला दिसत नाही, म्हणून मी माणूस नाही असं ते म्हणतंय." पलीकडे श्रीवत्स हसता हसता थांबला आणि म्हणाला, "तुम्ही तसेच या, सर. नावबिव राहू द्या."

त्या दिवशी बंगळूरहून एक नावाजलेला माणूस बोलायला आला होता. बोलत छान होता, पण त्याचं निम्मं बोलणं बोटानं चाललं होतं. "हे असं येतं, मग हे इकडे जातं, आणि इथे काय होतं ते तर दिसतंच आहे." दहा मिनिटं नंजुंडनं दम धरला. मग हात वर केला.

"सर, पडद्यावर काय आहे?"

बोलणारा थबकला. "स्लाइड नंतर पाठवतो ना तुम्हाला."

"चित्र असेल तर माझी बाई वाचत नाही. 'चित्र' एवढंच म्हणते आणि पुढे जाते."

हॉलमध्ये थोडा हशा झाला. बोलणारा घड्याळ बघून म्हणाला, "वेळ कमी आहे. एका माणसासाठी सगळ्यांना थांबवता येणार नाही."

नंजुंडनं हात खाली घेतला. ते वाक्य त्याला लागलं, पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. कॉफीच्या वेळी तिघं-चौघं धावत आले. एकानं हाताला धरून खुर्चीत बसवलं, एकानं इडलीचे तुकडे करून बशी हातात दिली, एकानं बसचा नंबर सांगितला. प्रोग्रॅमबद्दल मात्र कोणी एक अक्षर बोललं नाही. ज्यासाठी आला होता ते तोंडातल्या तोंडात घेऊनच तो बावीस पायऱ्या उतरला.

पुढच्या महिन्यात तो गेला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात श्रीवत्सचा कचेरीत फोन आला.

"नंजुंडण्णा, येत का नाही तुम्ही?"

"कानानं बघायची सोय झाली की येईन."

श्रीवत्सनं सोय केली. एका मुलीला नंजुंडशेजारी बसवलं, पडद्यावरचं त्याच्या कानात सांगायला. झालं काय, एका कानात बोलणारा आणि दुसऱ्या कानात कुजबुजणारी, आणि दोघांचं मिळून काहीच कळेना. दोन बैठकांनंतर नंजुंडनंच तिला सोडवलं. मग श्रीवत्सनं नियम केला: जो बोलायला उभा राहील त्यानं पडद्यावर जे दाखवेल ते तोंडानंही सांगायचं.

लोक आधी कुरकुरले. पण तिसऱ्याच बैठकीत गंमत झाली. एक जुना मुरलेला माणूस आपली आकृती सांगत होता. "डावीकडे चौकट, तिच्यातून बाण खाली दुसऱ्या चौकटीत, तिथून एक बाण परत वर..." आणि तो गप्प झाला. "थांबा हं. हा बाण वर का जातोय?" त्याचं त्यालाच उमगेना. वर्षभर तीच आकृती तो सगळीकडे दाखवत होता. हॉल हसला, तोही हसला, आणि मागच्या रांगेतल्यांनी कबूल केलं की इतकी बारीक अक्षरं त्यांनाही कधी दिसत नव्हती, नुसत्या माना हलवत होते. त्या दिवशी कॉफीच्या वेळी कोणीतरी नंजुंडला पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही कोऱ्या जागांचं काय करता हो?" तो पाऊण तास बोलला. कॉफी गार झाली.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण माणसाला बसायला जागा मिळाली की पाय पसरायलाही लागते. पुढच्या दोन वर्षांत नंजुंडस्वामीचा त्या बैठकीत दरारा बसला. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्याची. बोलणारा जरा अडखळला की त्याचा आवाज यायचा, "पडद्यावर काय आहे?" त्या तीन शब्दांना एक सूर आला होता, मुलं आपसात त्याची नक्कल करत. बोलायला आलेला माणूस आधी त्याच्याकडे बघून म्हणे, "नंजुंडण्णा, तुम्ही विचारायच्या आत सांगतो." लोक हसत. हे हसू त्याला आवडायला लागलं होतं. तिसऱ्या शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट मागायचा आणि दाढीला जास्त वेळ लावायचा. विशालाक्षीच्या ते लक्षात आलं होतं, पण ती बोलली नव्हती.

मग देचम्मा आली. कोडगूची, म्हणजे कुर्गची, मुलगी, म्हैसूरला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या आजोबांचा पोन्नंपेटजवळ कॉफीचा मळा होता. तिकडच्या मळेवाल्यांना एक नाद असतो, रोज सकाळी रात्रीचा पाऊस मोजून वहीत लिहायचा. बेळ्यप्पा आजोबांनी एकोणऐंशी सालापासून एक दिवस चुकवला नव्हता. नातीनं त्या अडतीस वह्या सुट्टीत बसून कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या आणि त्यांचा आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यावर ती बोलायला उभी राहिली. आवाज बारीक, पण गोष्ट सांगायची हातोटी होती. वह्यांना लागलेली वाळवी, आजोबांचं अक्षर, शेजारच्या मळेवाल्याशी 'तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त पडला' म्हणून चालणारी भांडणं. लोक रंगून ऐकत होते. मग तिनं आलेख लावला आणि "हे बघा" म्हणून थांबली.

"पडद्यावर काय आहे?"

"आलेख, सर."

"ते कळलं. त्यात काय आहे?"

"अडतीस वर्षांचा पाऊस. दर वर्षाची एक रेघ, वेगवेगळ्या रंगाची. ही निळी जी आहे..."

"निळी राहू द्या. निळं मी कधी बघितलं नाही. पाऊस वाढला की कमी झाला, ते सांगा."

"तसं... सांगता नाही यायचं सर, रेघा एकीवर एक आल्यात..."

"तुम्हाला दिसतंय आणि सांगता येत नाही. मला तर दिसतच नाही. मग हा आलेख काढलाय कोणासाठी?"

हॉल हसला. नंजुंडही हसला, उत्तराची वाट बघत. लॅपटॉपचं झाकण मिटल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि चपला भराभर जिन्याकडे गेल्या.

"झालं?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"गेली ती," शेजारचा म्हणाला.

त्या दिवशी कॉफीला कोणी त्याच्याभोवती जमलं नाही. श्रीवत्स आला, पण बसला नाही.

"वीस वर्षांची पोर आहे ती, नंजुंडण्णा. पहिल्यांदाच उभी राहिली होती."

"मी नियमाप्रमाणेच विचारलं."

"नियम मीच केला होता. लोकांना बोलतं करायला केला होता." एवढं म्हणून तो कप गोळा करायला गेला.

घरी येऊन नंजुंडनं ही हकिकत विशालाक्षीला तक्रारीच्या सुरात सांगितली. हल्लीच्या मुलांना एक प्रश्न सोसत नाही, वगैरे. ती शिवत होती. मशीन थांबलं.

"रडली का ती?"

"मला काय दिसतं?"

"शेजारच्या घरात कोणी उशीत तोंड घालून रडलं तरी तुम्हाला ऐकू येतं."

त्यानं काठी कोपऱ्यात उभी केली.

"तो बंगळूरचा माणूस, पहिल्या दिवशीचा," ती म्हणाली, "त्याचं नाव आठवतं का हो अजून?"

"आठवतं."

"मग तीही तुमचं विसरायची नाही." आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

सोमवारी त्यानं श्रीवत्सकडे मुलीचा नंबर मागितला. श्रीवत्स म्हणाला, "तिचा मी तुम्हाला देणार नाही. तुमचा तिला देतो. वाटलं तर करेल." नंजुंडला राग आला, पण ते बरोबर आहे हेही कळलं. त्यानं कचेरीचा नंबर दिला. तीन दिवस बोर्डापाशी बसून राहिला, जेवायलाही डबा तिथेच उघडला. गुरुवारी दुपारी घंटी वाजली.

सवयीनं त्यानं कचेरीचं नाव सांगितलं. पलीकडून आधी कुठल्यातरी कॉलेजच्या आवारातला गलका आला. मग, "मी देचम्मा."

"हं." त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "मला माफी मागता येत नाही. सवय नाही. पण मागतो."

"तुमचा प्रश्न बरोबर होता, सर. म्हणून तर राग आला. चुकीचा असता तर मी तिथेच उत्तर दिलं असतं."

"प्रश्न बरोबर होता. विचारणारा चुकला."

"लोक हसले ते..."

"मी हसवलं म्हणून हसले. त्यांना नको बोलूस."

मग ती म्हणाली की त्या प्रश्नाचं उत्तर तिला अजूनही येत नाही. पाऊस वाढला की कमी झाला? आलेखाकडे चार दिवस बघतेय, नुसता रंगीत लोकरीचा गुंता दिसतो. नंजुंड म्हणाला, "आकडे माझ्याकडे पाठव. बघू." आणि मग स्वतःच हसला, "म्हणजे ऐकू."

आकडे आले. जवळजवळ चौदा हजार दिवस. बाईकडून वाचून घ्यायचे तर आठवडा गेला असता आणि हाती काही लागलं नसतं. पुढच्या वेळच्या फोनवर दोघं तेच बोलत होते, तेवढ्यात नंजुंडच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायला वेळ लागत होता आणि बाई पिपाणीसारखे बारीक सूर वाजवत होती.

"ते काय वाजतंय, सर?"

"ते होय? काम किती झालं ते सांगते ती. काम पुढे सरकेल तसा सूर चढतो. मला बघायला नको."

"सर, मी नंतर करते फोन," म्हणून तिनं ठेवूनच दिला. दोन दिवसांनी फोन आला तेव्हा ती घाईघाईनं बोलत होती. तिनं पावसाला आवाज दिला होता. एक दिवस म्हणजे एक टिपका. कोरडा दिवस असेल तर खालचा घुमा सूर, पाऊस जास्त असेल तितका उंच. अर्ध्या मिनिटात एक वर्ष. रिसीव्हर लॅपटॉपपाशी धरून तिनं एकोणऐंशी साल वाजवलं.

नंजुंड टेबलावर कोपरं टेकून ऐकत होता. जानेवारी-फेब्रुवारीची एकसारखी गुणगुण, एप्रिलमध्ये एखादी किंकाळी, आणि जून लागल्यावर सूर असे उसळले की त्याच्या दंडावर काटा आला. कधीही न पाहिलेल्या मळ्यातला पाऊस कचेरीच्या फोनमधून येत होता. अधीक्षक दारात येऊन उभे राहिले आणि काही न विचारता परत गेले.

रोज जेवणाच्या सुट्टीत चार-पाच वर्षं, असा त्यांचा क्रम लागला. नंजुंड ऐकायचा, देचम्मा टिपून घ्यायची. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "थांब. हा ऑगस्ट पुन्हा लाव. साल कुठलं?"

"चौऱ्याण्णव."

"आता त्र्याण्णवचा लाव."

तिनं लावला.

"एकच आहे," नंजुंड म्हणाला.

"सारखा वाटत असेल, सर. ऑगस्ट सगळे..."

"सारखा नाही. तोच. पाचव्या दिवशी खाली पडतो, नवव्याला दोनदा उडी मारतो, शेवटी तीन दिवस रेंगाळतो. तेच गाणं आहे."

देचम्मानं वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. एकतीसच्या एकतीस दिवस, शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. आलेख तिनं कॉलेजात दोन प्राध्यापकांना दाखवला होता. एक रेघ दुसरीच्या अगदी खाली लपली होती, कोणाला दिसणार?

तिनं पोन्नंपेटला फोन लावला आणि काय झालं ते दुसऱ्या दिवशी नंजुंडला सांगताना तिला हसू आवरत नव्हतं. "आजोबा आधी म्हणाले, पाऊस तसाच पडला असेल, त्यात काय. मग म्हणाले, पाऊस मोजायची नळी फुटली होती. मग आजीनं फोन ओढून घेतला. म्हणाली, त्या ऑगस्टमध्ये हे पाय मोडून मडिकेरीला दवाखान्यात पडले होते, महिनाभर. घरी आले तर वही कोरी. शेजारचे मुत्तण्णा काय म्हणतील या धास्तीनं एका बैठकीत मागच्या वर्षाचा ऑगस्ट उतरवून काढला. मी तेव्हाच म्हटलं होतं, कोणीतरी पकडेल."

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी देचम्मा पुन्हा उभी राहणार होती. तिच्याआधी बेळ्यप्पा आजोबाच बावीस पायऱ्या चढून आले, काळा कोट घालून, चौऱ्याण्णवची वही काखेत घेऊन. पहिल्या रांगेत नंजुंडशेजारी त्यांना बसवलं.

"तो तूच का?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"तेवीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं."

"माझा नाइलाज होता. ऐकू आलं."

"मी खोटं काही लिहिलं नाही," म्हातारा ठासून म्हणाला. "त्र्याण्णवचा पाऊस खरा होता."

"खरा होता ना. फक्त वर्ष चुकलं."

बेळ्यप्पांनी घसा खाकरला. मग खिशातून डबी काढून नंजुंडच्या हातावर एक वेलदोडा ठेवला. "मळ्यातला आहे," म्हणाले. भांडण तिथे मिटलं असं समजायचं.

मग देचम्मा उभी राहिली. तिनं आधी पडद्यावरचा गुंता जसा आहे तसा शब्दांत सांगितला, आणि स्वतःच म्हणाली, "यातून मला काही कळलं नाही, तुम्हालाही कळणार नाही. म्हणून आता पडदा बंद करते." आणि पाऊस लावला. स्पीकर जरा खरखरत होता. तरी चाळीस-पन्नास माणसं अशी गप्प झाली की खालच्या रस्त्यावरचा रिक्षाचा हॉर्न मध्येच आगंतुकासारखा वाटला. तिनं एकोणऐंशी वाजवलं आणि लगेच दोन हजार सोळा. मग सांगितलं, आमच्या मळ्यात वर्षाचा एकूण पाऊस जवळपास तेवढाच आहे, पण तो कमी दिवसांत पडतो. आधी तो रोज थोडा थोडा चालत यायचा, आता मध्येच गप्प बसतो आणि मग अंगावर धावून येतो. ते आता सगळ्यांनी ऐकलंच होतं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचे ऑगस्ट तिनं एकापाठोपाठ वाजवले तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली, आणि बेळ्यप्पा उठून सगळ्यांना नमस्कार करून खाली बसले.

"काही प्रश्न?" तिनं विचारलं. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे वळल्या. नंजुंड वेलदोडा चघळत बसला होता. त्याला विचारायचं काही उरलं नव्हतं. हात वर केला तो आजोबांनी.

"माझ्या वडिलांच्या वह्या माळ्यावर आहेत, चव्वेचाळीस सालापासूनच्या. त्या कॉम्प्युटरमध्ये कधी घालणार?"

"आजोबा, माझी परीक्षा आहे," देचम्मा म्हणाली, आणि टाळ्या वाजल्या.

त्यानंतर एक पायंडा पडून गेला. ज्याला पहिल्यांदा बोलायचं असेल तो आधी नंजुंडण्णाला फोन करी आणि सगळं बोलून दाखवी. फोनवर पडदा नसतो, त्यामुळे जे सांगता येत नाही ते तिथेच उघडं पडायचं. कचेरीतला बोर्ड पुन्हा वाजायला लागला. नंजुंड ऐकून घ्यायचा आणि हळू सांगायचा, "इथे मी हरवलो. मागे ये, पुन्हा मला घेऊन जा." जीभ अगदी बोथट झाली असं नाही. एकाला त्यानं सांगितलं होतं, "तुझं भाषण चांगलं आहे, फक्त निम्मं दुसऱ्या कोणाचं तरी आहे." पण ते फोनवर, दोघांतच.

दोन वर्षांनी कचेरीनं बोर्ड काढून टाकला. अधीक्षकांनी त्याला नोंदणी विभागात बसवलं. तिथे अर्जांची यादी ठेवणारा जुना प्रोग्रॅम सारखा अडायचा, तो नंजुंडनं दुरुस्त केला, आणि मग त्याच्याशिवाय त्या विभागाचं पान हलेना. बैठकीतली माणसं आता त्याच्या मोबाइलवर फोन करत. विशालाक्षी म्हणायची, "तुमच्यापेक्षा डॉक्टरला निवांत असेल."

त्याचं स्वतःचं बोलणं मात्र राहून गेलं होतं. श्रीवत्स मागे लागला तेव्हा एका मार्चमध्ये तो उभा राहिला, कानानं प्रोग्रॅम कसा वाचतात या विषयावर. अर्ध्या तासाचं बोलणं बारा मिनिटांत संपलं. मधला एक मोठा भाग त्यानं सांगितलाच नाही, कारण तो त्याला इतका रोजचा होता की सांगायचा असतो हेच सुचलं नाही. लोकांनी मन लावून ऐकलं, पण मागे दोन जांभया त्याला ऐकू आल्या.

देचम्मा तेव्हा बंगळूरला नोकरीला लागली होती, तिला येता आलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला.

"कसं झालं, सर?"

"पडलं."

"साफ?"

"साफ नाही. पण टेकलं खाली."

"बोलून दाखवलं होतं का आधी कोणाला?"

"कोणाला दाखवणार? सगळे मला दाखवतात."

ती फोनवरच वैतागली. "आणि मी काय मेले होते? नंबर बदललाय का माझा? कमाल करता तुम्ही. उद्या रविवार आहे, दहा वाजता मला फोन करा आणि पहिल्यापासून सगळं बोला. मध्ये थांबवलं तर रागवायचं नाही."

"आता बोलून झालं ना. आता कशाला?"

"पुढच्या वेळेसाठी. बंगळूरलाही बैठक भरते. मी तुमचं नाव देऊन टाकलंय, जूनसाठी."

नंजुंडनं फोन खाली ठेवला आणि मशीनच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "अगं, ती पोर मला बंगळूरला उभं करतेय."

"मग शर्ट नवा शिवू की जुना चालेल?" विशालाक्षीनं विचारलं.

तो विचारात पडला. जूनपर्यंत तीन महिने होते. "शीव," तो म्हणाला, "पण खिसा मोठा ठेव, फोन मावेल एवढा." आणि उद्या दहा वाजता कुठून सुरुवात करायची ते मनाशी जुळवत तो खाटेवर बसून राहिला.